रंग आधी की छाप आधी? टाकसाळीत रंग बिघडलेल्या नाण्यांचा अभ्याससंग्रह: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५: हद्द

संग्रहात काय घ्यायचे यापेक्षा काय घ्यायचे नाही हे आधी ठरवले. रंग बदललेली नाणी मुबलक मिळतात आणि त्यांतली बहुतेक टाकसाळीतून अगदी व्यवस्थित बाहेर पडलेली असतात. मातीत पुरली गेलेली, आगीत सापडलेली, ॲसिडात बुडवलेली, स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे राहिलेली, कोणी गंमत म्हणून मुलामा चढवलेली, अशी कितीतरी. ही सगळी बाहेर. नाण्यावर छाप पडण्याआधी धातूचा, मुलाम्याचा किंवा चकतीच्या (छाप न पडलेल्या कोऱ्या तुकड्याच्या) पृष्ठभागाचा रंग बिघडला असेल तरच नाणे आत. धुण्या-वाळवण्यातले डागही छापेच्या आधीचेच, म्हणून तेही आत.

त्यामुळे संग्रहाचा कणा देश किंवा साल हा नाही. कणा आहे टाकसाळीतल्या कामाचा क्रम: धातू वितळवून ओतणे, पत्रा लाटणे, थरांचे नाणे असेल तर थर जोडणे, चकत्या कापणे, काही नाण्यांत मुलामा, मग भट्टीत ॲनिलिंग (तापवून मऊ करणे), धुणे, वाळवणे, कड उचलणे आणि शेवटी छाप. मुलाम्याची आणि भट्टीची जागा धातूप्रमाणे पुढेमागे होते. प्रत्येक टप्प्यावर रंग वेगळ्या कारणाने बिघडतो आणि वेगळ्या खुणा ठेवतो. प्रत्येक नाण्याला पहिला प्रश्न एकच: रंग आधी आला की छाप आधी पडली?

११ जानेवारी: साधने

वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा. दर बैठकीआधी प्रमाणित वजन ठेवून तपासायचा. ०.१ ग्रॅमचा काटा या कामाला निरुपयोगी आहे, कारण काही ठिकाणी निकाल ०.०४ ग्रॅमवर अडतो. कॅलिपर ०.०१ मिमीचा, जबड्यांना पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली. उघड्या स्टीलच्या जबड्यांनी कडेवरचा काळा थर हमखास खरवडला जातो. १० पटीचे भिंग रोजच्या वापराला, २० ते ४० पटीचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक खरचटे पाहायला. हातात धरायचा एकच दिवा, मान वळणारा. एक लोहचुंबक. सुती हातमोजे घेतले नाहीत: त्यांचे तंतू सुटलेल्या थरात अडकतात आणि नाणे निसटतेही. पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे बरे, आणि नाणे धरायचे ते कायम कडेने.

पाण्यात वजन करून घनता काढायची व्यवस्थाही लावली, पण तिच्याकडून फार अपेक्षा नको. तांब्याची घनता ८.९६, तांबे-निकेल मिश्रधातूची साधारण ८.९. नाण्याएवढ्या वस्तूवर हा फरक मोजमापाच्या चुकीत बुडून जातो. जस्त ७.१४, त्यामुळे जस्ताच्या नाण्यांपुरती मात्र घनता उपयोगी पडते.

१९ जानेवारी: भट्टीत काय बिघडते

संग्रहाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वादाचा भाग हाच. पत्रा लाटताना आणि चकती कापताना धातू ताठर होतो. छाप नीट उठावी, ठशांवर ताण कमी यावा म्हणून चकत्या फिरत्या भट्टीत तापवून मऊ करतात. अमेरिकी टाकसाळीत हे तापमान १६०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण ८७० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. भट्टीतली हवा प्राणवायूविरहित ठेवलेली असते. बाहेर पडलेल्या चकत्या पाण्याच्या टाकीत थंड होतात. त्या पाण्यात सायट्रिक आम्ल आणि वंगण असते. पुढे धुणे आणि वाळवणे.

इतके ठरवून केलेले काम बिघडते ते प्राणवायू शिरल्यामुळे, चकत्या भट्टीत रेंगाळल्यामुळे किंवा तापमान चढल्यामुळे. तांबे-निकेलच्या चकतीवर आधी लालसर क्युप्रस ऑक्साइड बनते, जास्त प्राणवायू मिळाला तर वर काळे क्युप्रिक ऑक्साइड, आणि निकेलचे ऑक्साइड राखाडी-हिरव्या छटेचे. थर किती जाड आणि त्यात कशाचे प्रमाण किती, यावर राखाडी, निळसर, जांभळा, तांबडा, काळा असे रंग ठरतात. रंग सांगून तापमान सांगता येत नाही. एकाच राखाडी छटेला दोन-तीन कारणे असू शकतात.

तांबडे नाणे कसे होते, याची तीन स्पष्टीकरणे आहेत आणि तिन्ही आम्ही उघडी ठेवली आहेत. पहिले: भट्टीच्या पिंपात आधीच्या तांब्याच्या चकत्यांची भुकटी उरते आणि उष्णतेने पुढच्या चकत्यांना चिकटून बसते. अनेक जुन्या याद्यांत अशा नाण्यांना ‘सिंटर्ड’ म्हणतात ते यावरून. दुसरे: काही न चिकटता चकतीच्याच पृष्ठभागात बदल होतो आणि तांबे वर उरते. तिसरे धुण्याच्या टाकीतले. क्युप्रस ऑक्साइड सल्फ्युरिक आम्लात गेले की त्यातले अर्धे तांबे विरघळते आणि अर्धे धातुरूपात तिथेच बसते. पितळ आम्लात घालून साफ करणाऱ्या कारागिरांना हा लाल डाग चांगला परिचयाचा आहे. म्हणून आमच्या पाकिटांवर ‘सिंटर्ड’ हा शब्द निष्कर्ष म्हणून येणार नाही. ‘तांबडा थर, छापेआधीचा’ एवढेच लिहायचे. कारणाचा अंदाज वेगळ्या रकान्यात.

२ फेब्रुवारी: काळे पाच सेंट

अमेरिकेच्या जेफरसन पाच सेंटांपैकी (पुढच्या बाजूला जेफरसनचा चेहरा असलेले नाणे) १९५८ आणि १९५९ ची फिलाडेल्फिया टाकसाळीची काळी नाणी संग्राहकांत ‘ब्लॅक ब्यूटी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. मिश्रण ७५ टक्के तांबे, २५ टक्के निकेल, वजन ५.०० ग्रॅम, व्यास २१.२ मिमी. त्या काळातल्या फिलाडेल्फियाच्या पाच सेंटांवर टाकसाळीचे अक्षर नसते, डेन्व्हरच्या नाण्यांवर मागच्या बाजूला मॉन्टिसेलो या इमारतीच्या चित्राच्या उजवीकडे ‘डी’ असतो. साल आणि अक्षर दोन्ही पाहून मगच नाव लावावे.

१९५९ च्या एका नाण्याची तपासणी सविस्तर नोंदवतो, कारण पुढच्या सगळ्या तपासण्यांचा नमुना हीच आहे.

वजन मर्यादेत. पाच सेंटाला ०.१९४ ग्रॅम कमी-जास्त चालते, त्यामुळे वजनाने फक्त एवढे कळते की हे नाणे ॲसिडात खाल्लेले नाही. चुंबकाला दाद नाही. नाणे दिव्याखाली कलते धरून फिरवले: काळ्या रंगावरच चकाकीचे पट्टे आऱ्यांसारखे फिरले. ही चकाकी म्हणजे छाप पडताना धातू बाहेरच्या दिशेने वाहिल्याच्या बारीक रेषा. त्या काळ्या थरावर उमटल्या आहेत, म्हणजे छाप पडली तेव्हा थर हजर होता. पण चकाकीवर एकट्या विसंबू नये. झळझळीत नव्या नाण्यावर फार पातळ रंग नंतर चढवला तर रेषा त्या रंगाखालूनही दिसतात.

म्हणून खरचटे पाहायचे. टाकसाळीतून निघालेले नाणे पिशवीत दुसऱ्या नाण्यांवर आपटते आणि त्याला छोटे ओरखडे पडतात. या नाण्यावरच्या जेफरसनच्या गालावर असे दोन आहेत. ४० पटीत खोल ओरखड्याच्या तळाशी स्वच्छ रुपेरी धातू दिसतो आणि काठाला काळा थर तुटलेला दिसतो. उथळ ओरखड्यात थर चेपला आहे, फाटलेला नाही. म्हणजे रंग आधी, ओरखडा नंतर. भाजून किंवा रसायनाने काळ्या केलेल्या नाण्यात ओरखड्याचा तळही भोवतालाइतकाच काळा असतो, कारण तिथे ओरखडा आधी आणि रंग नंतर. आमच्या मते या प्रकारात सर्वांत भरवशाची खूण हीच. तिला अपवाद एकच: चकतीवर छापेआधीच पडलेले ओरखडे. ते उठावाच्या सर्वांत उंच भागात, जिथे ठशाने धातू पूर्ण दाबला नाही तिथे, टिकून राहतात आणि त्यांचा तळ काळा असू शकतो. म्हणून उंच भागावरचा काळा ओरखडा पाहून नाणे नाकारू नये. सपाट भागावरचे ओरखडे बघावे.

अक्षरांच्या पायथ्याशी बारीक केसासारख्या रुपेरी रेषा आहेत, कडेच्या दिशेने पसरलेल्या. ऑक्साइडचा थर ठिसूळ असतो. खालचा धातू वाहिला तसा तो ताणून फाटला. नंतर चढलेल्या रंगात अशी फाटाफूट नसते, उलट अक्षरांच्या कोपऱ्यांत रंग साचलेला असतो.

कड: काळी, पण तिच्यावर उभ्या रुपेरी रेघा आहेत. ठशांभोवतीच्या कॉलरमधून (छाप पडताना चकतीला घेरणाऱ्या कड्यातून) नाणे वर ढकलले जाताना घासल्याच्या त्या खुणा. कडेचा फोटो घ्यायलाच हवा. विक्रीच्या चित्रांत तो क्वचित असतो आणि निम्मे उत्तर तिथेच असते.

निकाल: ‘काळा थर, छापेआधीचा, कारण बहुधा ॲनिलिंग, खात्री पक्की’.

९ फेब्रुवारी: तांबडी नाणी, आणि नाण्याच्या जागी दुसरेच काही

तांबडे पाच सेंट हाती आले की आधी वजन, मग रंग. ३.११ ग्रॅम भरले आणि व्यासही नेहमीपेक्षा लहान असला तर ते सेंटाच्या ब्राँझ चकतीवर चुकून छापलेले पाच सेंट. मोठी चूक, पण या संग्रहातली नाही. ५.०० च्या आसपास भरले तरच पुढे बघायचे.

थरांच्या नाण्यांत गोंधळ जास्त. १९६५ पासूनच्या अमेरिकी पाव डॉलरला मध्ये शुद्ध तांबे आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेलचा थर असतो. एकूण निकेल ८.३३ टक्के आणि बाहेरच्या थरात ते २५ टक्के. यावरून दोन्ही थर मिळून नाण्याचा एक तृतीयांश, एक थर एक षष्ठांश. पूर्ण वजन ५.६७ ग्रॅम. छापेआधी एक थर निघून गेला असेल तर ५.६७ चे पाच षष्ठांश, साधारण ४.७२. मंजूर फरक ०.२२७ ग्रॅमचाच असल्याने ४.७२ ला दुसरे स्पष्टीकरण शोधायची गरज पडत नाही. एक बाजू तांबडी, वजन ४.७ च्या आसपास आणि कडेवरचा तांब्याचा पट्टा थेट तांबड्या बाजूला जाऊन भिडलेला: हरवलेला थर. रंग बिघडलेला नाही, खरे तांबेच उघडे पडले आहे. तुलनेसाठी असे एक नाणे संग्रहात ठेवणार, पण वेगळ्या खणात.

तांबडे आणि वजनाला पूर्ण ५.६७: आता हे आमचे. कड पाहायची. भट्टीतल्या तांबड्या थरात कडेवरचा रुपेरी भागही तांबूस झालेला असतो, पण कडेवरच्या उभ्या खाचांच्या माथ्यांवर घासून रुपेरी झालेला आणि खाचांच्या तळाशी तांबडा. विजेच्या साहाय्याने घरी तांबे चढवले असेल तर माथ्यावर आणि कोपऱ्यांवर थर जास्त जाड बसतो, खोलगट जागी कमी. म्हणजे अगदी उलट चित्र. शिवाय घरच्या मुलाम्याने वजन किंचित वाढते आणि छापेच्या चकाकीवर एक बोथट, दाणेदार साय येते.

जमिनीतून काढलेली तांबे-निकेलची नाणी लालसर तपकिरी किंवा काळपट होतात आणि ‘भट्टीतली चूक’ म्हणून सर्रास विकली जातात. त्यांना चकाकी नसते, पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा असतो, अक्षरांच्या कोपऱ्यात माती अडकलेली. एकदा शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा फसगत होत नाही. म्हणून खोट्यांचाही एक खण हवाच.

२३ फेब्रुवारी: मुद्दाम बिघडवून पाहिले

अनेक देशांत चलनातल्या नाण्याला विद्रूप करणे गुन्हा आहे. म्हणून खेळयंत्रांत वापरली जाणारी तांबे-निकेलची जुनी टोकन घेतली. त्यांवर आधी सुईने मुद्दाम ओरखडे ओढले, मग काही ज्योतीवर तापवली, काही विरंजक द्रावणात टाकली.

ज्योतीचा परिणाम: कडेपासून मध्याकडे रंगांची वलये, पेंढ्यासारखा पिवळा, मग जांभळा, निळा, शेवटी मळकट राखाडी. चिमट्याने धरले तिथे फिकट डाग. फिरत्या भट्टीत चकत्या सतत उलटतात, त्यामुळे तिथला रंग पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारखा असतो. एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जाणारी वलये दिसली की आधी ज्योतीचा संशय. सगळे ओरखडे तळापर्यंत काळे झाले, वर सांगितलेल्या खुणेला हा सरळ पुरावा. विरंजकाने मातकट काळा रंग दिला आणि चकाकी पार गेली; कापसाच्या ओल्या बोळ्याला थोडा काळा सुटला. भट्टीतला थर असा सुटत नाही.

स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांबाबत एक इशारा. हवेत ३०० अंशांच्या आसपास पेंढ्यासारखा पिवळा आणि आणखी तापवल्यावर निळा होणे हा त्या धातूचा गुणच आहे. साध्या ज्योतीने कोणीही निळे नाणे बनवू शकतो. ओरखड्यांची खात्री पटल्याशिवाय स्टीलचे रंगीत नाणे घेऊ नये.

२ मार्च: जस्ताचे सेंट

१९८२ मध्ये अमेरिकी सेंट ब्राँझवरून तांब्याच्या मुलाम्याच्या जस्तावर आला, वजन ३.११ वरून २.५० ग्रॅम. त्या सालात दोन्ही प्रकार आहेत, म्हणून १९८२ चे नाणे वजन केल्याशिवाय कोणत्याच खणात नाही. नव्या नाण्यात एकूण २.५ टक्के तांबे: बहुतेक वरच्या पातळ मुलाम्यात, थोडे आतल्या जस्तातही (त्यात ०.८ टक्के तांबे).

मुलामा चढलाच नाही तर रुपेरी-राखाडी सेंट. अपेक्षित वजन २.५० चे साधारण ९८.३ टक्के, म्हणजे २.४६. आता अडचण: या सेंटाला ०.१० ग्रॅमची मुभा आहे. २.४६ हे साध्या, मुलामा असलेल्या नाण्याचेही वजन असू शकते! आणि मुलामा नंतर काढून टाकलेल्या नाण्याचेही २.४६ च. वजन हा इथे पुरावाच नव्हे. उलट २.५ च्या वर भरले तर संशय बळावतो, कारण वरून काहीतरी चढवले असण्याची शक्यता.

चढवण्याचा एक फारच प्रचलित मार्ग म्हणजे शाळा-महाविद्यालयातला रसायनाचा प्रयोग: तांब्याचे नाणे जस्ताची भुकटी आणि गरम सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवले की रुपेरी होते, आणि तेच पुढे तापवले की जस्त तांब्यात मिसळून सोनेरी पितळ होते. म्हणजे ‘मुलामा नसलेला’ आणि ‘पितळी मुलाम्याचा’ या दोन्ही चुकांची नक्कल एकाच प्रयोगातून निघते. हा प्रयोग आम्ही केला नाही. गरम क्षार डोळ्यांना घातक आणि द्रावणातून काढलेली जस्ताची ओलसर भुकटी वाळताना पेट घेऊ शकते. कचऱ्याच्या डब्यात तर ती कधीच टाकू नये.

खरा मुलामाविरहित सेंट ओळखायचा तो पुन्हा वाहण्याच्या रेषांवरून. उघड्या जस्तावरच छाप पडलेली असल्याने रेषा तीक्ष्ण आणि अक्षरांचे कोपरे नेटके. मुलामा रसायनाने काढलेल्याचे पृष्ठ हिमासारखे धुरकट, अक्षरे किंचित बारीक झालेली. जस्ताची लेप-नक्कल भिंगाखाली दाणेदार दिसते. १९४३ चा रुपेरी सेंट मात्र यातला नव्हेच: तो जस्त चढवलेल्या पोलादाचा, २.७ ग्रॅमच्या आसपासचा, आणि चुंबकाला चिकटतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शक काढायला नको.

जस्ताच्या सेंटावरचे फोड हा रंगदोष नव्हे. मुलाम्याखाली हवा किंवा ओल राहिली की तो फुगतो. फोड फुटला की आतले जस्त राखाडी-पांढरे कुजू लागते. नाण्यावर अशी सुरुवात दिसली की ते इतरांपासून लांब.

८ मार्च: लाकडी रेघांचे सेंट

धातू ओतताना तांबे, कथील आणि जस्त नीट एकजीव झाले नाही तर लाटताना न मिसळलेले भाग लांब ताणले जातात. नवे नाणे साधेच दिसू शकते. रेघा स्पष्ट होतात त्या वर्षांनी, तपकिरी आणि पिवळसर पट्ट्यांनी, कारण दोन प्रकारच्या धातूला काट वेगवेगळ्या वेगाने चढते. म्हणजे रंग छापेनंतर खुलतो, पण त्याचे कारण भट्टीच्याही आधीचे. आमच्या प्रश्नाचे उत्तर इथे ‘कारण आधी, रंग नंतर’ असे द्यावे लागते, आणि तसे लिहायची सोय रकान्यात केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या लिंकन सेंटांत असे नमुने मुबलक आहेत आणि मिळायला सोपे. सुरुवात करणाऱ्याने काळ्या पाच सेंटांमागे धावण्याआधी हे घ्यावेत.

पारख दिशेची. लाटण्याची दिशा एकच असल्याने दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना समांतर असायला हव्यात. पुढच्या बाजूला रेघ घड्याळाच्या १ पासून ७ कडे जात असेल, तर नाणे उलटून मागची बाजू सुलट धरल्यावर ती ११ कडून ५ कडे दिसते. रेघ अक्षरांवरून, पार्श्वभूमीवरून आणि पुन्हा अक्षरांवरून सलग जाते. उठाव आला म्हणून थांबत नाही. बोटाच्या ठशाचे किंवा रबर बँडचे डाग एकाच बाजूला असतात. रेघेवर नखाने टोकरू नये: काही ठिकाणी धातू पापुद्र्यासारखा सुटलेला असतो.

२२ मार्च: धुणे आणि वाळवणे

पाण्याचे थेंब वाळून राहिलेले डाग, दोन चकत्या चिकटून धुतल्या गेल्याने उरलेली चंद्रकोर, रसायन नीट न निथळल्याचे पट्टे. डाग ठशाने दाबला गेला आहे का, एवढेच पाहायचे. यातली बरीच नाणी दिसायला फारच सामान्य, त्यामुळे निवडक घेणार.

मँगनीज असलेल्या मिश्रधातूंना सांभाळून. २००० पासूनच्या सोनेरी अमेरिकी डॉलरचे मिश्रण ८८.५ टक्के तांबे, ६ जस्त, ३.५ मँगनीज, २ निकेल, वजन ८.१ ग्रॅम. हा धातू हाताळल्यावर स्वतःहून भराभर काळवंडतो. शिल्पकार ग्लेना गुडएकर यांना मानधनादाखल दिलेल्या २००० च्या ५,००० डॉलरवर टाकसाळीने वेगळी प्रक्रिया केली होती. युद्धकाळातले १९४२ ते १९४५ चे पाच सेंटही ५६ टक्के तांबे, ३५ चांदी, ९ मँगनीजचे, आणि त्यांवर काळे-हिरवे डाग नेहमीचे. या दोन्ही प्रकारांत काळा रंग हा पुरावा धरत नाही. ओरखड्यांची खूण स्वच्छ मिळाली तरच नोंद.

५ एप्रिल: साफसफाई नाही

थर हाच नमुना आहे, तो गेला की साधे नाणे उरते. चांदी उजळवायचे थायोयुरियाचे द्रावण, बेकिंग सोडा, टूथपेस्ट, खोडरबर सगळे बंद. बोटांचे तेल किंवा पाकिटाचा चिकटपणा काढायचा तर शुद्ध ॲसिटोन, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, ज्योत दूर. नाणे बुडवून काढायचे, चोळायचे नाही, आणि पुसण्याऐवजी हवेत सुकू द्यायचे. नखरंग काढायच्या बाटलीतल्या ॲसिटोनमध्ये रंग-सुगंध असतात, ते चालत नाही. पापुद्रा सुटत असेल तर ॲसिटोनही नको.

पाकिटे मायलरची (पॉलिएस्टरच्या पातळ पारदर्शक पत्र्याची). मऊ, वास येणारे पारदर्शक पीव्हीसी हळूहळू हिरवा चिकट द्रव सोडते आणि तांब्याला खाते. रबर बँड आणि साधा पुठ्ठा यांतून गंधकाची वाफ येते, आणि या संग्रहात नंतर चढलेली काट म्हणजे पुराव्यावर रेघोट्या. सिलिका जेलची पुडी खणात, महिन्यातून एकदा पाहून रंग बदलला की तापवून पुन्हा.

१२ एप्रिल: फोटो

राखाडी कार्ड पहिल्या चौकटीत, पांढऱ्या रंगाचा तोल हाताने ठरवून बांधलेला. फोनने स्वतः तोल ठरवला की तांबडे नाणे साधे दिसते, कारण तो तांबडेपणा दोष समजून काढून टाकतो. प्रत्येक नाण्याचे पाच फोटो: दोन बाजू पसरट उजेडात, दोन कलत्या दिव्यात चकाकीसाठी, एक कडेचा. शेजारी त्याच प्रकारचे साधे नाणे, नेहमी डावीकडे.

३ मे: क्ष-किरण तपासणी

निवडक नाणी क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राखाली ठेवली. मर्यादा आधी लिहितो, कारण या आकड्यांचा बडेजाव विक्रेते फार करतात. तांब्याच्या मिश्रधातूत हे यंत्र पृष्ठभागापासून काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर खोलीपर्यंतच्या धातूची सरासरी सांगते. एक मायक्रोमीटरहून पातळ ऑक्साइडचा थर त्यात दिसतच नाही. आतले धातूच जवळजवळ सगळे आकडे भरून टाकते. शिवाय हातातले साधे यंत्र प्राणवायू मोजत नाही. काळ्या नाण्याचे ‘७५-२५’ हे उत्तर म्हणून ‘नाणे साधे आहे’ असा अर्थ निघत नाही, आणि ‘भट्टीची चूक सिद्ध’ असाही नाही.

उपयोग होतो तो दोन ठिकाणी. तांबड्या नाण्यावर निकेल लक्षणीय कमी आले तर थर बऱ्यापैकी जाड तांब्याचा आहे. मग तो चिकटलेल्या भुकटीचा की घरच्या मुलाम्याचा, हे पुन्हा खाचांवरून आणि ओरखड्यांवरून ठरवायचे. आणि सोनेरी सेंटावर जस्त-तांब्याचे प्रमाण मिळते, पण वर्गातल्या प्रयोगाचे पितळ आणि टाकसाळीतले पितळ यांत ते भेद करत नाही. क्रोमियमसारखा परका धातू सापडला तर मात्र बाहेरचा मुलामा निश्चित.

१० मे: पाकिटावरचा मजकूर

अंतिम मसुदा: मूळ नाणे व साल, वजन, व्यास, चुंबक, रंग, पुढची बाजू, मागची बाजू, कड वेगवेगळी, चकाकी रंगावर की रंगाखाली, सपाट भागावरच्या ओरखड्याचा तळ, थराची फाट, मग ‘रंग आधी’, ‘छाप आधी’ किंवा ‘कारण आधी, रंग नंतर’, कारणाचा अंदाज, खात्री पक्की, मध्यम किंवा कच्ची. विकणाऱ्याने दिलेले नाव मागच्या बाजूला पेन्सिलने, जसेच्या तसे. निष्कर्ष बदलला तर जुना खोडायचा नाही, खाली तारखेसह नवा लिहायचा.

‘कच्ची’ खात्रीच्या खणात सध्या बहुतेक एकसारखी राखाडी, वापरलेली नाणी आहेत. झिजल्यामुळे चकाकी गेलेली, ओरखड्यांवर नवे ओरखडे. त्यांच्यासाठी एकच रस्ता दिसतो: उंच भागावर झिजून रुपेरी झालेली जागा आणि भोवतीचा राखाडी भाग यांची सीमा ४० पटीत पाहणे. सीमा रेखीव असेल तर थर झिजेआधीचा. राखाडी रंग झिजलेल्या भागावरही हलका पसरला असेल तर झीज झाल्यानंतर चढलेला, म्हणजे नाणे बाहेर. पुढच्या बैठकीत हा खण पहिल्यापासून तपासायचा, दिवा डावीकडून, आणि एका वेळी एकच पाकीट उघडून.